इतिहासाच्या पाठातील छायाचित्रांची पारख

इतिहास शिकविताना चित्रांचे साहाय्य घेणे इष्टच होय. तथापि चित्राखाली छापलेले नाव हा पुरावा नव्हे; ते केवळ एक विधान होय. त्याची पारख करण्याची सवय शिक्षकाने प्रथम स्वतःस व मग विद्यार्थ्यांस लावावी.

पहिली कसोटी काळाची. डागेर याची छायाचित्रणाची रीत १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली. म्हणून १६८० मध्ये निवर्तलेले शिवाजी महाराज अथवा १७९५ मध्ये निवर्तलेल्या अहिल्याबाई होळकर यांचे छायाचित्र असणे शक्य नाही. त्यांची जी चित्रे आढळतात, ती चित्रकारांच्या हातची होत.

दुसरी कसोटी कृतीची. डागेरच्या रीतीने प्रतिमा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. काचेवरील ओल्या कलोडियनची रीत १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली. यावरून चित्राचा काळ अजमावता येतो. मात्र जुन्या चित्रावरून पुढे नवी प्रतही काढली जाते. तेव्हा कागदाचे वय म्हणजे मूळ चित्राचे वय असे धरू नये.

तिसरी कसोटी परंपरेची. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे उदाहरण घ्यावे. त्या १८५८ मध्ये ग्वाल्हेर येथे धारातीर्थी पडल्या. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच निघाली होती. अर्थात राणीचे छायाचित्र असणे अशक्य नव्हते. परंतु शक्य होते म्हणून ते निघालेच, असे सिद्ध होत नाही. राणीचे, व तेही १८५० चे, म्हणून एक छायाचित्र प्रसृत आहे. त्याविषयी विचारावे : मूळ प्रत कोठे आहे? ती कोणाकडून कोणाकडे आली? नाव त्याच काळी लिहिले गेले की मागाहून? गंगाधरराव १८५३ मध्ये निवर्तले. मग पोशाख व अलंकार सांगितलेल्या वर्षाशी जुळतात काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ‘राणीचे म्हणून सांगितले जाणारे चित्र’ एवढेच म्हणावे.

वर्गात फळ्यावर तीन रकाने आखावेत : चित्रात काय दिसते, त्याविषयी कोण काय सांगतो, आणि ते कशावरून. मुलांकडूनच ते भरून घ्यावेत. तिसरा रकाना रिकामा राहिल्यास तो तसाच ठेवावा. राणीचे शौर्य एखाद्या छायाचित्रावर अवलंबून नाही. म्हणून शंका बोलून दाखविल्याने तिच्याविषयीचा आदर उणावत नाही, हेही मुलांस समजावून सांगावे.