घोडे वाढव, पण हातचं राखून

असोदा, ता. जि. जळगाव
१२ मे

चि. भाचेबुवास,


ताईकडून कळलं की पोलोचा टर्बो काढून मोठा बसवायचं तू नक्की केलंयस. पैसे साठवलेस, पुण्यात गॅरेजही बघून ठेवलंस. मी तुला अडवावं असं ताईला वाटतं. मी अडवणार नाही. गाडी तुझी, कमाई तुझी, आणि ही हौस या वयात नाही करायची तर कधी करायची? पण केळी घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकांचे टर्बो खोलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. त्या अधिकाराने चार गोष्टी सांगतो. ऐकल्यास तर गाडी पळेलही आणि दर मे महिन्यात स्वतःच्या चाकांवर मामाच्या गावाला येईलही.

आधी हाताशी काय आहे ते बघ. तुझी २०१४ची जीटी टीएसआय. चाकणची गाडी, ११९७ सीसी, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी. त्या गिअरबॉक्सचं नाव डीक्यू २००. त्याचे क्लच कोरडे, आणि कंपनीने त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर ठेवली आहे. म्हणजे तुझ्या हातात वरचे ७५ आहेत. ते सगळे वापरायचे नाहीत, हीच या पत्रातली मुख्य गोष्ट. रीमॅप करणारे खालच्या आरपीएमवर टॉर्कचा डोंगर उभा करून देतात. सीटला पाठ चिकटते, मित्र खूश होतात. पण २००० आरपीएमवर सिलिंडरमध्ये कोंबलेला तो दाब कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि क्लच या तिघांनाही सोसावा लागतो. रॉड वाकतात ते बहुधा तिथेच.

आता दुसऱ्या बाजूने हिशेब कर. २०० न्यूटन-मीटर टॉर्क ५५०० आरपीएमपर्यंत टिकवलास तर साधारण १५७ पीएस होतात. टॉर्क वाढला एक सप्तमांश, ताकद वाढली जवळजवळ निम्म्याने. मोठा टर्बो घ्यायचा तो यासाठी. मूळचा छोटा टर्बो वरच्या आरपीएमवर दमतो. बूस्ट टिकवायला त्याला पिटाळावं लागतं, शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या वर फिरतो आणि तो हवा दाबण्याऐवजी तापवायलाच लागतो. थोडा मोठा टर्बो तेच काम आरामात करतो. पण म्हणून सर्वांत मोठा आणू नकोस. तो ३५०० पर्यंत झोपून राहील आणि मग एकदम अंगावर येईल. साब कंपनीने १९७७च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात आणलेली ९९ टर्बोही तुझ्या पोलोसारखी पुढच्या चाकांवरच चालणारी होती. तिथल्या इंजिनिअरांनी टर्बो लहान ठेवला, वेस्टगेटने बूस्टला लगाम घातला आणि रोजच्या रस्त्यावर वापरता येईल अशी १४५ अश्वशक्तीची गाडी दिली. त्यांची ती शिस्त आजही लागू आहे.

यापुढचा मुद्दा आपल्या खानदेशाचा. हवा दाबली की तापते. पुण्याच्या थंडीत २५ अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती साधारण ११८ अंशांनी बाहेर पडते. तीच हवा इथे मे महिन्यात ४५ अंशांची असते; ती १४५ अंशांनी निघते. दमलेल्या टर्बोची कार्यक्षमता ६० टक्क्यांवर आली, तर १६१. आता सांग, पुण्यात डिसेंबरात केलेली ट्यूनिंग इथल्या उन्हात कशी टिकायची? तापलेली हवा विरळ असते, शिवाय ती नॉकला आमंत्रण देते. ईसीयू मग टायमिंग मागे घेतो आणि विकत घेतलेले घोडे रस्त्यातच परत जातात. हे झालं नशीब चांगलं असेल तर. नसेल तर पिस्टनची लॅंड तुटते.

म्हणून पैशाचा क्रम लाव. पहिला खर्च तपासणीवर कर. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांचं सारखं आहे का? लीक-डाउन टेस्ट काय सांगते? या इंजिनाला टायमिंग चेन आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना क्षणभर खडखड ऐकू येत असेल तर आधी चेन आणि टेन्शनर बदल. थेट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा शिडकावा होत नाही, त्यामुळे तिथे काजळी बसते. ती साफ करून घे. पोलो भारतात २०२२ मध्ये बंद झाली, हेही विसरू नकोस. इंजिन बसलं तर चांगलं दुसरं शोधण्यात महिने जातील.

दुसरा खर्च इंटरकूलर, रेडिएटर, कूलंट आणि होजवर. तिसरा स्पार्क प्लगवर: एक नंबर थंड, गॅप थोडी कमी. टर्बो चौथा. ट्यूनिंग सर्वांत शेवटी, आणि ती कुठून आयती उचलून आणलेली फाइल नको. डायनोवर, तुझ्याच गाडीवर केलेली हवी.

पेट्रोलचंही बघ. आता पंपावर बहुतेक ई-२० मिळतं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो आणि नॉकला थोडा आडोसा मिळतो, पण तेवढ्याच ताकदीसाठी इंधन जास्त लागतं. तुझी गाडी ई-२० धरून बनवलेली नाही. तेव्हा होज आणि सील तपास, आणि फुल थ्रॉटलला रेल प्रेशर पडतं का ते लॉगमध्ये बघ. पडत असेल तर पंप पुरत नाही. तिथेच थांब आणि बूस्ट कमी कर.

बसवताना गॅरेजमध्ये स्वतः उभा राहा. ऑइलची फीड लाइन नवी घे, जुनी धुऊन वापरू देऊ नकोस. परतीची लाइन सरळ खाली उतरली पाहिजे. तिला वळसा पडला की ऑइल तुंबतं, सीलमधून निसटतं आणि सायलेन्सर निळा धूर सोडतो. पहिल्या स्टार्टआधी टर्बोत ऑइल ओतायला लाव आणि इंजिन पेटू न देता थोडं फिरवून घे. कोरडा शाफ्ट काही सेकंदांत बेअरिंग खातो.

एक ट्रक माझ्याकडे आला होता, पिकअप गेल्याची तक्रार घेऊन. एअर फिल्टर नवा कोरा. टर्बो खोलला तर कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा झिजून बोथट झालेल्या, आणि शाफ्ट बोटांनी हलवला की चाक हाउसिंगला लागत होतं. कारण शोधलं तर फिल्टरपुढच्या रबरी होजची एक क्लिप सैल. तेवढ्या फटीतून काळ्या मातीची धूळ दिवसचे दिवस आत जात होती. तुझी गाडीही इथेच येते, कापसाच्या शेतांमधून. प्रत्येक क्लिप हाताने तपास.

आता पुढची चाकं. गाडी जोरात निघते तेव्हा वजन मागे जातं, आणि ओढायचं तर पुढच्यांनी. त्यात स्टिअरिंगही त्यांच्याकडेच. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण बूस्ट दिलास तर एक टायर जागीच फिरेल आणि स्टिअरिंग हातातून ओढलं जाईल. त्या दोन गिअरांत बूस्ट कमी ठेवायला ट्यूनरला सांग. पैसे उरले तर आधी चांगले टायर आणि ब्रेक पॅड, मग लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल. आवाजाच्या पाइपवर काही उरू देऊ नकोस.

चालवण्याच्या सवयी बदलाव्या लागतील. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, पण अर्ध्या अंतरावर बदल. चढावर डीएसजीला डी मध्ये वरच्या गिअरात रखडू देऊ नकोस, एस मध्ये घे. कमी आरपीएमवर जास्त बूस्ट या छोट्या इंजिनांना सोसत नाही. ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकवू नकोस, कोरडे क्लच जळतात. आणि परतताना अजिंठ्याचा घाट जोरात चढून वर चहाला थांबलास, तर लगेच चावी फिरवू नकोस. मिनिटभर इंजिन चालू राहू दे. नाहीतर लाल झालेल्या टर्बोतलं थांबलेलं ऑइल तव्यावरच्या तेलासारखं करपतं आणि वाट बंद करतं. ट्रक ड्रायव्हरांचे निम्मे टर्बो मी याच घाईपायी खोलले.

कायद्याचंही स्वच्छ सांगतो. आरसी बुकातल्या तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे, हे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून, काय चालतं ते लेखी घे. चालत नसेल तर ती हौस बंद ट्रॅकवरच कर. जळगाव-भुसावळ हायवे हा ट्रॅक नव्हे, तिथे लोकांची लेकरं रस्ता ओलांडतात.

तेव्हा २०० ते २१० न्यूटन-मीटरवर थांब. त्यापुढे गिअरबॉक्सकडे जे शिल्लक राहील ते वाया गेलं असं समजू नकोस. तीच तुझी वॉरंटी. एखाद्या मित्राची गाडी १९० पीएसची झाली तरी चालेल. ती वर्षाने कुठे उभी आहे ते बघ आणि मग बोल.

काम झालं की मला घोड्यांचा आकडा कळवू नकोस. भर दुपारी, फुल थ्रॉटलवर इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान किती होतं आणि टायमिंग किती मागे आलं, ते कळव. त्या दोन आकड्यांवरूनच मी सांगेन, काम झालं की नुसता खर्च झाला.

ताईला काळजी करू नकोस म्हणावं.

तुझा,
मामा