एसीएलची शस्त्रक्रिया नोएडात: खर्चाचा हिशेब नऊ महिन्यांचा मांडा

टर्फवर खेळताना गुडघा वळला, एमआरआयमध्ये एसीएल हे गुडघ्यातलं लिगामेंट तुटल्याचं निघालं, की पहिला प्रश्न असतो तो पॅकेज किती. ऑपरेशन तास-दीड तासात आटोपतं, पण तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला ग्राफ्ट मुरायला नऊ महिने ते वर्षाहून अधिक काळ लागतो. पैशांची विभागणी हे लक्षात घेऊन करा.

ग्राफ्टचं आत काय होतं?
ग्राफ्ट म्हणून बहुधा तुमच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा काढून हाडातल्या बोगद्यांतून बसवतात. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, त्यामुळे जुन्या पेशी मरतात आणि हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ग्राफ्ट सर्वांत कमकुवत असतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि माणूस बिनधास्त पळायला लागतो. सांभाळायचं ते इथे.

शस्त्रक्रिया: साधारण दीड ते तीन लाख
नोएडातल्या खासगी रुग्णालयांचा हा ढोबळ अंदाज. खोलीचा वर्ग, इम्प्लांट आणि गादी (मेनिस्कस) शिवायची आहे का, यावर आकडा हलतो. अंदाजपत्रकात 'इम्प्लांट' अशी एकच ओळ असेल तर ती फोडून मागा: ग्राफ्ट धरून ठेवणारं बटण कोणतं, स्क्रू टायटॅनियमचा की विरघळणारा, प्रत्येकाची किंमत किती. 2017 साली केंद्राने घातलेली किंमतमर्यादा गुडघेबदलाच्या इम्प्लांटना आहे; लिगामेंटच्या स्क्रू-बटणांना ती लागू नाही. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर कागदपत्रांवर चिकटवून घ्या आणि बिलाशी ताडून पाहा.

बजेट तोकडं असेल तर दिल्लीतल्या सफदरजंग रुग्णालयाच्या स्पोर्ट्स इंज्युरी सेंटरमध्ये दाखवा. 2010 मध्ये सुरू झालेलं हे सरकारी केंद्र याच कामासाठी आहे. बोटॅनिकल गार्डनहून मॅजेंटा लाइनने हौज खास, तिथून यलो लाइनने एम्स स्टेशन. तारखेसाठी थांबावं लागू शकतं. तो काळ सूज उतरवण्यात आणि गुडघा पूर्ण सरळ करण्यात लावला तर ऑपरेशननंतर फायदाच होतो. मात्र गुडघा अडकत असेल तर थांबू नका.

फिजिओथेरपी: इथे हात आखडू नका
क्लिनिकमध्ये एका वेळचे साधारण 500 ते 800 रुपये. पहिले सहा आठवडे आठवड्यातून तीनदा, पुढचे सहा आठवडे दोनदा, मग सहाव्या महिन्यापर्यंत आठवड्यातून एकदा आणि शेवटी पंधरवड्याला एकदा धरलं, तर सुमारे 48 वेळा होतात. 600 रुपयांच्या दराने 28,800 रुपये. मधले व्यायाम घरी किंवा सोसायटीच्या जिममध्ये करता येतात.

सुरुवातीला एक गोष्ट रोज पाहा: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय सोडा, गुडघ्याची मागची बाजू दुसऱ्या पायाइतकी खाली जायला हवी. जात नसेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

विमा
ऑपरेशननंतरचा खर्च बहुतेक पॉलिसी 60 किंवा 90 दिवसांपर्यंतच देतात, म्हणजे पुढची फिजिओथेरपी तुमच्या खिशातून. ती रक्कम आधीच बाजूला काढा. खोलीभाड्याची मर्यादाही तपासा. वरच्या वर्गाची खोली घेतली की डॉक्टरांच्या फीसकट इतर खर्चातही कपात होते.

कशावर खर्च टाळता येतो?
ग्राफ्ट लवकर जुळावा म्हणून पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं) इंजेक्शन सुचवलं जातं. त्याने ग्राफ्ट निश्चितपणे लवकर किंवा चांगला जुळतो, असा ठोस पुरावा नाही. ते हजारो रुपये फिजिओथेरपीला लावा. बिनखर्चाचा उपाय म्हणजे विडी-सिगारेट बंद. धूम्रपानाने ग्राफ्ट जुळण्यात अडथळा येतो. मधुमेह आटोक्यात ठेवा, आणि डाळ, अंडी, पनीर, दही पोटभर खा.

मैदानावर केव्हा?
नॉर्वे आणि अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या 2016 च्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळ पुढे ढकललेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेलं दिसलं. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईत जानेवारी 2023 मध्ये झाली. तो पुन्हा सामना खेळला मार्च 2024 मध्ये. त्याची दुखापत मोठी होती, पण त्याच्या दिमतीला तज्ज्ञांची फौजही होती.

नऊ महिने भरल्यावर मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी मोजून घ्या. दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के भरली, तरच बूट चढवा. ही चाचणी चुकवून पुन्हा ग्राफ्ट तुटला, तर लाखांचा खर्च नव्याने आणि आधीपेक्षा अवघड ऑपरेशन पदरात पडतं.