आधी कोण बोलतंय ते ऐका

फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः हात घालणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सगळी ठाणे ते कल्याण या पट्ट्यातली आहेत आणि अडचणी वरकरणी वेगवेगळ्या आहेत. उत्तरं लिहिताना मात्र मी दर वेळी एकाच प्रश्नापासून सुरुवात केली: आदेश दिल्यावर उत्तर नेमकं कुणी दिलं, आणि दिलं नसेल तर संवाद कुठे तुटला?

प्रश्न : माझ्या जुन्या फोनला कंपनीकडून अपडेट यायची बंद झाली, म्हणून लिनेजओएस ही पर्यायी अँड्रॉइड प्रणाली टाकायला घेतली. विंडोजच्या लॅपटॉपवर ‘एडीबी डिव्हायसेस’ म्हटलं की फोन दिसतो. पण तो बूटलोडरमध्ये नेला की फास्टबूट ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ म्हणत नुसतं थांबून राहतं. फोन तोच, केबल तीच, लॅपटॉप तोच. मग मधल्या दोन मिनिटांत बदललं काय?
— एक विद्यार्थी, डोंबिवली पूर्व

उत्तर : बदलला तो फोनच. हातातली वस्तू तीच असली तरी केबलच्या पलीकडून आता दुसरंच कुणीतरी बोलतंय.

फोन नेहमीसारखा चालू असतो आणि यूएसबी डीबगिंग लावलेलं असतं तेव्हा अँड्रॉइडच्या आत ‘एडीबीडी’ नावाचा छोटा प्रोग्राम जागा असतो. तुम्ही टाइप केलेला आदेश आधी लॅपटॉपमधल्याच एडीबी सर्व्हरकडे जातो. हा सर्व्हर ५०३७ क्रमांकाच्या पोर्टवर बसलेला असतो आणि तो केबलवाटे आदेश फोनमधल्या एडीबीडीला पोचवतो. बूटलोडरमध्ये गेल्यावर मात्र अँड्रॉइड सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे एडीबीडीही नसतो. तिथे फक्त बूटलोडर, म्हणजे अँड्रॉइड सुरू करून देणारा प्रोग्राम, असतो आणि त्याला एडीबीची नव्हे, फास्टबूटची भाषा कळते. ठाण्याहून कल्याणपर्यंत वाट एकच, पण पुढे कसाऱ्याची गाडी वेगळी आणि कर्जतची वेगळी. कसाऱ्याच्या गाडीत बसून कर्जत आलं नाही, तर गाडी बिघडली असं आपण म्हणत नाही.

तुमचं अडलंय ते विंडोजपाशी. यूएसबीला जोडलेलं प्रत्येक उपकरण आपली ओळख क्रमांकांनी सांगतं. अँड्रॉइड चालू असताना फोन एक क्रमांक सांगतो, बूटलोडरमध्ये बहुधा दुसरा. विंडोजला वाटतं नवा पाहुणा आला. त्याच्यासाठीचा ड्रायव्हर सापडला नाही की फास्टबूट वाट बघत बसतं. फोन बूटलोडरमध्ये असतानाच ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. पिवळा त्रिकोण असलेलं अनोळखी उपकरण दिसलं, की गूगलचा किंवा फोनच्या कंपनीचा यूएसबी ड्रायव्हर घेऊन त्यातला ‘अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस’ स्वतः निवडा. काही वेळा विंडोज अपडेटच्या ऐच्छिक यादीतही हा ड्रायव्हर येऊन पडलेला असतो.

एवढं करूनही फोन दिसला नाही तर यूएसबी ३चं पोर्ट सोडून यूएसबी २चं वापरा, किंवा मध्ये साधा यूएसबी २ हब लावा. काही संगणकांवर नव्या वेगवान पोर्टवर फास्टबूट अडखळतं आणि हबमुळे सुरळीत चालतं. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, पण तिथे ‘नो परमिशन्स’ असा निरोप आला तर यूडेव्हचे नियम बसवावे लागतात.

केबलचा संशय तुमच्या बाबतीत नाही, कारण एडीबीला फोन दिसतोय. ज्यांना कुठेच दिसत नाही त्यांनी आधी केबलच बदलावी. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: लाल आणि काळी विजेसाठी, पांढरी आणि हिरवी माहितीसाठी. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींत पांढरी-हिरवी नसतेच. फोन चार्ज होतो, म्हणून केबल चांगली आहे असं आपण धरून चालतो आणि दोन दिवस ड्रायव्हर शोधत बसतो. केबल जोडल्यावर फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’चा पर्याय येतो का, एवढं बघितलं तरी पुष्कळदा उत्तर मिळतं.

प्रश्न : गर्दीत उतरताना फोन पडला आणि स्क्रीन पूर्ण काळी झाली. रिंग वाजते, म्हणजे फोन चालू आहे. मुलीचे लहानपणापासूनचे फोटो त्यात आहेत. एडीबीने ते काढता येतात असं ऐकून प्रयत्न केला, तर फोनपुढे ‘अनऑथराइज्ड’ असं येतं. कुणी म्हणतं बूटलोडर अनलॉक करा, मग सगळं उघडेल. करू का?
— एक आई, कल्याण पश्चिम

उत्तर : ताई, कृपा करून बूटलोडर अनलॉक करू नका. अनलॉक करताना फोन आतली सगळी माहिती पुसतो. तो दोष नाही, मुद्दाम केलेली तजवीज आहे. चोराने फोन पळवला आणि बूटलोडर उघडला तरी मालकाचे फोटो आणि बँकेचे तपशील त्याच्या हाती पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. तुमच्या बाबतीत हीच तजवीज तुमच्यावर उलटेल.

‘अनऑथराइज्ड’ हा निरोप खरं तर आशा दाखवणारा आहे. केबल ठीक आहे, ड्रायव्हर ठीक आहे आणि फोनवर यूएसबी डीबगिंग आधीच सुरू केलेलं आहे, असं तो सांगतो. अडलंय फक्त परवानगीपाशी. अँड्रॉइड ४.२.२पासून प्रत्येक संगणकाची स्वतःची किल्ली असते. नवा संगणक जोडला की फोन त्या किल्लीचा ठसा स्क्रीनवर दाखवून ‘याच्यावर विश्वास ठेवू का?’ असं विचारतो. तुमचा फोन आत्ता हेच विचारत असेल, फक्त प्रश्न काळ्या काचेमागे आहे.

म्हणून दोन गोष्टी आठवून बघा. पूर्वी कधी घरच्या किंवा ऑफिसच्या संगणकावर हा फोन जोडून ‘नेहमी परवानगी द्या’ असं म्हटलं होतं का? म्हटलं असेल तर तोच संगणक शोधा. त्याची किल्ली फोनने जपून ठेवलेली असू शकते, आणि मग ‘एससीआरसीपीवाय’ या मोफत प्रोग्रामने फोनची स्क्रीन संगणकावर दिसेल. असा संगणक नसेल तर चांगल्या दुरुस्तीवाल्याकडून फक्त स्क्रीन बदलून घ्या, पॅटर्न टाका आणि फोटो उतरवा. चित्र दिसतंय पण बोटाचा स्पर्श कळत नाही, अशी स्थिती एखाद्या वाचकाची असेल, तर ओटीजी जोडणीने साधा माउस लावला तरी काम होतं. तुम्हाला स्क्रीनचा खर्च करावा लागेल, पण फोटो शाबूत राहण्याची खात्रीची वाट तीच आहे. दुकानात फोन देताना ‘रिसेट करायचा नाही’ हे पावतीवर लिहून घ्या.

प्रश्न : फाइल चढवताना ‘फेल्ड’ येतं. दर वेळी वेगवेगळे उपाय करून बघतो. शेवटी कशीबशी एक फाइल चढली, तर आता फोन कंपनीच्या चिन्हापाशीच घुटमळतो, पुढे जात नाही. फोन मेला का?
— वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणारा वाचक, ठाणे

उत्तर : चिन्ह दिसतंय म्हणजे बूटलोडर जिवंत आहे, आणि तो जिवंत आहे तोवर फोन बहुतेक वेळा परत येतो. आता मात्र आणखी उपाय करून बघणं थांबवा आणि निरोप शब्दशः वाचा.

‘फेल्ड’च्या पुढे कंसात ‘रिमोट’ हा शब्द आहे का, ते आधी बघा. असेल तर नकार फोनने दिलाय. आदेश पोचला, त्याला कळला आणि तो नाही म्हणाला. मग केबल आणि ड्रायव्हर बदलण्यात वेळ घालवू नका. ‘रिमोट’ नसेल तर गडबड बहुधा संगणकाच्या बाजूला किंवा वाटेत आहे: फाइलचं नाव चुकलंय, केबल सैल आहे, नाहीतर अवजारं जुनी आहेत. एकाच संगणकावर दोन ठिकाणी एडीबीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर त्या एकमेकींचा सर्व्हर बंद पाडत राहतात. म्हणून गूगलचे ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ ताजे घ्या आणि त्याच फोल्डरमधून आदेश द्या.

फोनच्या नकारांत दोन नेहमीचे आहेत. ‘फ्लॅशिंग इज नॉट अलाउड इन लॉक स्टेट’ म्हणजे बूटलोडर अजून कुलूपबंद आहे. दुसरा, विभाग (पार्टिशन) सापडत नसल्याचा. अँड्रॉइड १०सोबत आलेल्या फोनांपासून सिस्टिम, व्हेंडर, प्रॉडक्ट हे विभाग ‘सुपर’ नावाच्या एका मोठ्या विभागाच्या पोटात गेले. बूटलोडरला फक्त सुपर दिसतो, पोटातले विभाग दिसत नाहीत. त्यासाठी ‘फास्टबूट रिबूट फास्टबूट’ असा आदेश देऊन ‘फास्टबूटडी’मध्ये जावं लागतं आणि मग तोच सिस्टिमचा आदेश निमूट चालतो.

आता घुटमळण्याबद्दल. रूट करण्यासाठी, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा मिळवण्यासाठी, तुम्ही बूटची फाइल बदलली असेल, तर ती तुमच्या फोनच्या नेमक्या बिल्ड क्रमांकाची होती का? एका अपडेटचा फरकही पुरतो. अँड्रॉइड १३सह बाजारात आलेल्या फोनांत तर बहुधा ‘बूट’ऐवजी ‘इनिट बूट’ ही फाइल बदलायची असते. त्याच बिल्डची मूळ फाइल परत चढवली की बहुतेक फोन उठून उभे राहतात. तुमच्या फोनला ए आणि बी असे दोन स्लॉट असतील तर दुसरा स्लॉट सुरू करून बघणं हाही एक मार्ग आहे. सॅमसंगवाल्यांनी यातलं काही करू नये. त्या फोनांत फास्टबूट नसतं, तिथे ‘डाउनलोड मोड’ आणि ओडिन हा वेगळा मार्ग आहे.

तीन गोष्टी मनापासून सांगतो. फाइल उतरवल्यावर तिचा शा-२५६ ठसा जुळवा. विंडोजवर ‘सर्टयूटिल’ने आणि लिनक्सवर ‘शा२५६सम’ने तो मिनिटभरात निघतो. काम सुरू करताना फोन आणि लॅपटॉप दोन्ही भरपूर चार्ज असू द्या, पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. आणि बदललेलं सॉफ्टवेअर फोनमध्ये असताना बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करू नका. कुलूप लागलं की फोन सॉफ्टवेअरची सही तपासतो आणि ती जुळली नाही की सुरू व्हायचं नाकारतो. चांगला फोन कायमचा गमावण्याचा हा हमखास मार्ग आहे. मी एका मित्राचा फोन याच चुकीने घालवला आहे, म्हणून दर वेळी सांगतो.

प्रश्न : एडीबी साइडलोड ४७ टक्क्यांवर थांबतं. पुन्हा करू?
— ठाकुर्ली

उत्तर : घाई करू नका. काही फोनांवर काम पूर्ण होऊनही आकडा ४७वरच थांबतो आणि ‘फेल्ड टु रीड कमांड: सक्सेस’ असं परस्परविरोधी वाक्य येतं. लिनेजओएसच्या सूचनांतही याचा उल्लेख आहे. संगणकाने फक्त पाठवण्याचा हिशोब ठेवला, काम केलं फोनने. म्हणून फोनच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा. तिथे चूक दिसत नसेल तर पुढच्या पायरीवर जा.

प्रश्न : २०११मध्ये घेतलेल्या माझ्या पहिल्या स्मार्टफोनवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात तो संगणकाला जोडून काहीतरी केलं आणि अक्षरं दिसू लागली, पण वेलांट्या भलतीकडे! त्याने केलं काय होतं?
— निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सर, जुना छापखाना डोळ्यांसमोर आणा. मराठी छापायला दोन गोष्टी लागत: खिळे आणि ते जुळवणारा जुळारी. फोनलाही दोन्ही लागतं. खिळे म्हणजे फाँट. जुळारी म्हणजे अक्षरं कोणत्या क्रमाने आणि कोणत्या रूपात मांडायची हे ठरवणारा प्रोग्राम. ‘कि’ लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी साठवतो, पण दाखवताना वेलांटी आधी यायला हवी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरकही जुळाऱ्यालाच कळतो.

त्या काळातल्या अनेक अँड्रॉइड फोनांत यातलं काहीच नव्हतं. पुष्कळ लोक ऑपेरा मिनीमध्ये एक सेटिंग बदलून मराठी वाचत. तिथे अक्षरांऐवजी सर्व्हरवरून त्यांची चित्रंच येत. तुमच्या दुकानदाराने बहुधा फोन रूट केला, फक्त वाचता येणारा सिस्टिम विभाग लिहिण्याजोगा केला आणि ‘ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक’ या फाँट-फाइलच्या जागी देवनागरी असलेली फाइल एडीबीने ढकलली. खिळे आले, जुळारी आला नाही. म्हणून चौकोनांची अक्षरं झाली, पण वेलांटी आणि जोडाक्षरं विस्कटलेली राहिली. जुळारी पुढे अँड्रॉइडच्या ४च्या आवृत्त्यांत आला आणि २०१४च्या अँड्रॉइड ५.०मध्ये फोनची सगळी मांडणीच मराठीत उपलब्ध झाली.

तो फोन अजून सुरू होत असेल तर माझ्या ‘बहुधा’वर थांबू नका. सेटिंगमध्ये यूएसबी डीबगिंग लावा, घरातल्या मुलांकडून तो लॅपटॉपला जोडून घ्या आणि ‘सिस्टिम’मधल्या ‘फाँट्स’ फोल्डरची यादी मागवा. किल्लीचा ठसा ४.२.२मध्ये आला, त्यामुळे तुमचा फोन परवानगीही विचारणार नाही. बाकीच्या फाइलींपेक्षा वेगळ्या तारखेची एक फाइल त्या यादीत दिसली, तर ती त्या दुकानदाराने ठेवलेली समजा. ती सापडली तर मला जरूर कळवा.