जायला सोळा तास, यायला चौदा!

प्रश्न : मुलीकडे मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने गेले. जाताना जवळजवळ सोळा तास लागले, येताना चौदाच. अंतर तेच, मग हा फरक पृथ्वी फिरते म्हणून पडतो का?

उत्तर : नाही. हा समज फार जुना आहे, पण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडते. खरे कारण वारा. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरकस असतात. जाताना विमानाला या वाऱ्यांशी झुंजावे लागते. येताना तेच वारे त्याला पाठीमागून ढकलतात.

दोन्ही शहरांमधले सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर चौदा तासांचा हिशेब येतो. प्रत्यक्षात वारा टाळायला किंवा एखाद्या देशाचे आकाश बंद असल्यास वळसा घ्यावा लागतो, त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो.

तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी मात्र करू नका, कारण त्या स्थानिक असतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. पहाटे दोनला मुंबई सोडलेले विमान सोळा तास उडूनही उन्हाळ्यात तिथे त्याच दिवशी सकाळी साडेआठला उतरते. मुलीला विमानतळावर बोलावताना तिथलीच वेळ सांगा.