अजगराचे बंदिस्त प्रजनन : शास्त्र, कायदा आणि जबाबदारी

अजगर हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा सर्प होय. तो बिनविषारी असूनही त्याच्याविषयी लोकमानसात विलक्षण भय आहे. शेतात, ओढ्याकाठी किंवा बांधकामाच्या जागी अजगर दिसताच जमाव गोळा होतो आणि अनेकदा काठ्याही उगारल्या जातात. प्राणिसंग्रहालयातील काचेआड वेटोळे घालून बसलेल्या याच प्राण्याकडे मात्र लोक कुतूहलाने पाहतात. या कुतूहलाचे ज्ञानात आणि ज्ञानाचे संरक्षणात रूपांतर व्हावे, हा प्राणिसंग्रहालयांचा खरा हेतू आहे. अजगराच्या बंदिस्त प्रजननाचा विचारही याच भूमिकेतून करावा लागतो.

पुण्याची परंपरा

पुणे महानगरपालिकेने १९५३ साली पेशवे पार्क येथे प्राणिसंग्रहालय सुरू केले. पुढे १९८६ साली कात्रज येथे सर्पोद्यान उभे राहिले. विषारी सापांसोबत ७२ तास एका काचघरात राहून १९८० साली लोकांचे लक्ष वेधून घेणारे श्री. नीलिमकुमार खैरे यांचा त्याच्या उभारणीत पुढाकार होता. १९९९ साली याच परिसरात राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले व पेशवे पार्कातील प्राणी टप्प्याटप्प्याने तेथे हलविण्यात आले. शहराच्या उत्तर टोकाच्या विश्रांतवाडी, धानोरी, कळस या उपनगरांतील शाळांच्या सहलीही दक्षिण टोकाच्या कात्रजला जातात. अशा सहलीत अजगराच्या पिंजऱ्यापुढे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना काय सांगावे, यासाठीही पुढील माहिती उपयोगी पडावी.

भारतातील तीन जाती

भारतात अजगराच्या तीन मोठ्या जाती आढळतात. महाराष्ट्रात सर्वत्र परिचित असलेला तो भारतीय अजगर. ईशान्य भारतात ब्रह्मी अजगर आढळतो. तो पूर्वी भारतीय अजगराचीच उपजात मानला जात असे. २००९ पासून त्याला स्वतंत्र जातीचे स्थान मिळाले. तिसरा जाळीदार अजगर. निकोबार बेटांवर आढळणारा हा अजगर जगातील सर्वांत लांब साप असून त्याची लांबी सहा मीटरहून अधिक होऊ शकते. या जातींचा परस्परांशी संकर होऊ न देणे, हा बंदिस्त प्रजननातील पहिला नियम आहे. प्राण्याच्या मूळ स्थानाची नोंद नसेल, तर त्याच्यापासून झालेली पिल्ले संरक्षणाच्या कामी फारशी उपयोगी पडत नाहीत.

मीलन ते अंडी

भारतीय अजगराचे मीलन हिवाळ्यात होते. थंडीतील तापमानाची घट व दिवसाची कमी झालेली लांबी हे त्याचे नैसर्गिक संकेत होत. म्हणून बंदिस्त जागेत वर्षभर एकसारखी ऊब देणे हिताचे नसते. काही आठवडे रात्रीचे तापमान बेताने कमी ठेवावे लागते. नर व मादी ओळखण्यासाठी अवसारणी छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या नखीसारख्या अवयवांकडे पाहतात. हे मागील पायांचे अवशेष असून नरात ते अधिक मोठे असतात. मीलनाच्या वेळी नर त्यांनी मादीला स्पर्श करतो.

मादी उन्हाळ्याच्या सुमारास अंडी घालते. अंड्यांची संख्या मादीच्या आकारमानावर अवलंबून असते. मोठी मादी शंभरच्या आसपासही अंडी घालू शकते. अंड्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसून चामड्यासारखे असते व अंडी एकमेकांना चिकटून त्यांचा ढीग बनतो.

आईची ऊब

अंडी घालून निघून जाणे ही बहुतेक सापांची रीत असते. अजगराची मादी मात्र अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसून राहते आणि या काळात सहसा अन्न घेत नाही. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञाने १८४१ साली नोंदविले की, अंड्यांवर बसलेल्या मादीचे अंग भोवतालच्या हवेपेक्षा उबदार असते. न्यूयॉर्क येथील प्राणिसंग्रहालयातील ब्रह्मी अजगराच्या मादीवर केलेल्या मोजणीतून १९६६ साली त्याचे कारण स्पष्ट झाले. मादी आपले स्नायू लयबद्धपणे आकुंचित करते व त्या थरथरीतून उष्णता निर्माण होते. शीत रक्ताच्या प्राण्याने स्वतःच्या श्रमाने ऊब निर्माण करावी, ही सृष्टीतील दुर्मिळ घटना होय. आणि बंदिस्त प्राण्याच्या निरीक्षणामुळेच ती नीट समजू शकली.

कृत्रिम उबवण

मादी अस्वस्थ असेल किंवा अंडी धोक्याच्या जागी सापडली असतील, तर ती उबवणयंत्रात ठेवतात. तेथे ३० ते ३२ अंश सेल्सियस तापमान व भरपूर आर्द्रता राखावी लागते. मात्र अंड्यांवर पाणी साचता कामा नये. अंडे ज्या स्थितीत मिळाले त्याच स्थितीत ठेवणे अत्यंत महत्त्वाचे असते. आतील गर्भ ठरावीक बाजूस स्थिर झालेला असल्याने अंडे उलटल्यास तो दगावू शकतो. म्हणून अनुभवी कर्मचारी अंड्याच्या वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करतात.

पिल्लू तोंडावरील अंडदंताने कवच चिरते, परंतु लगेच बाहेर येत नाही. उरलेला बलक शोषून घेईपर्यंत ते एखाद-दोन दिवस आतच राहते. या वेळी त्याला ओढून काढणे घातक ठरते. पहिली कात टाकल्यानंतर पिल्लू लहान उंदीर खाऊ लागते. पिल्ले वेगवेगळी ठेवणे, प्रत्येकाचे वजन व आहार नोंदविणे आणि गोचिडी व तोंडाचा दाह यांवर लक्ष ठेवणे, ही पुढील कित्येक महिन्यांची कामे असतात.

पिल्लांचे पुढे काय?

एका मादीपासून एकाच वर्षी डझनावारी पिल्ले मिळू शकतात. ती सर्व सख्खी भावंडे असतात. त्यांना जागा, खाद्य व काळजीवाहक कोठून आणावयाचे? त्यांचाच आपसात संकर झाला, तर वंश दुबळा होतो. पिंजऱ्यात वाढलेली पिल्ले सरसकट जंगलात सोडली, तर त्यांच्यासोबत रोगही जंगलात जाण्याचा धोका असतो. म्हणून जेथे मागणी, जागा व योजना नाही तेथे प्रजनन थांबविणे हीसुद्धा शास्त्रीय व्यवस्थाच होय. नर-मादी वेगळे ठेवूनही प्रत्येक वेळी प्रश्न सुटत नाही. अमेरिकेतील लुइव्हिल प्राणिसंग्रहालयात २०१२ साली जाळीदार अजगराच्या एका मादीने नराविना घातलेल्या अंड्यांतून सहा पिल्ले जन्मली.

हौसेने पाळलेल्या अजगरांचा परिणाम फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स या दलदलीत दिसतो. तेथे सुटलेले ब्रह्मी अजगर इतके वाढले की, रॅकूनसारखे एके काळी नेहमी दिसणारे प्राणी काही भागांत जवळजवळ दिसेनासे झाल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत भारतीय अजगराचा समावेश आहे. त्याला मारणे, पकडणे, बाळगणे वा विकणे हा गंभीर गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कोणतेही प्राणिसंग्रहालय केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय चालविता येत नाही. हे प्राधिकरण १९९२ साली स्थापन झाले.

गावपातळीवर करावयाच्या गोष्टी

राजस्थानातील भरतपूर येथील अभ्यासांतून असे दिसून आले की, अजगर साळिंदराने खोदलेल्या बिळांचा आश्रय घेतात. म्हणजे बीळ, झुडपे व ओढ्याचा काठ राखला तरच अजगर राहतो. पंचायत सदस्यांनी गावाच्या सामाईक जागेची साफसफाई वा खोदाई हाती घेण्यापूर्वी ही बाब ध्यानात घ्यावी. अंड्यांवर बसलेली मादी आढळल्यास काम थांबवावे, गर्दी पांगवावी, अंड्यांना हात लावू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. अंडी हलविण्याचा निर्णय वनाधिकाऱ्यांनीच घ्यावयाचा असतो.

शिक्षकांनी सहलीपूर्वी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न द्यावेत : हा अजगर येथे कोठून आला, याला ऊब कशी मिळते, आणि याचे जंगलातील घर आज कोणत्या अवस्थेत आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्राणिसंग्रहालयात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर विद्यार्थ्यांना आपल्याच परिसरातील टेकडी, ओढा व माळ पाहून शोधावे लागेल. उबवणयंत्रातून पिल्ले निर्माण करता येतात. परंतु त्यांना राहावयास जागा ठेवण्याचे काम गावांनी आणि शहरांनीच करावयाचे आहे.