पीक पाहणीतील जागेची नोंद : माहितीचे प्रकार

गावनमुना बारामधील पिकांच्या नोंदी पूर्वी तलाठी करीत असत. 15 ऑगस्ट 2021 रोजी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व ही नोंद खातेदाराने स्वतः मोबाईलवरील ॲपद्वारे करावी असे ठरले. त्यामुळे तिच्या खरेपणाचा भारही त्याच्याकडेच आला. पीककर्ज, विमा व आपत्तीनंतरचे साहाय्य यांत या नोंदीचा आधार घेतला जातो. यास्तव एका नोंदीत किती प्रकारची माहिती दिली जाते, हे रत्नागिरी जिल्ह्यातील बागायतदारांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिला प्रकार कथनाचा. पिकाचे नाव, क्षेत्र, लागवडीचा दिनांक व सिंचनाचे साधन शेतकरी स्वतः सांगतो. कोकणात एका सातबारावर अनेक सामायिक खातेदार असतात. म्हणून प्रत्येकाच्या वहिवाटीचे क्षेत्र भाऊबंदांनी आधी आपसांत ठरवून घेणे इष्ट होय. बांधावरील फणस, कोकम इत्यादी झाडांची नोंद निराळी करावयाची असते. ती बहुधा राहून जाते.

दुसरा प्रकार छायाचित्राचा आणि तिसरा, त्यासोबत यंत्र आपोआप टिपते त्या अक्षांश-रेखांशांचा व वेळेचा. या तिसऱ्या प्रकाराकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. यंत्र जी जागा टिपते ती मोबाईल धरणाऱ्याची, कलमाची नव्हे. गडग्यापलीकडे उभे राहून आपल्या कलमाचे छायाचित्र घेतले, तर जागा शेजाऱ्याची नोंदली जाते! अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. अर्थात दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या अंकातील एकाचा फरक सुमारे 11 मीटरचा होतो. एक गुंठा म्हणजे 33 फूट, म्हणजेच सुमारे 10 मीटर, बाजूचा चौरस. उघड्या सड्यावरही साध्या मोबाईलची चूक काही मीटरची असते; दाट झाडीत व डोंगराच्या कुशीत ती वाढते. दोन-चार गुंठ्यांच्या हिश्शात एवढी चूक पुरेशी घातक आहे. म्हणून हिश्शाच्या मध्याजवळ, आकाश मोकळे दिसेल अशा ठिकाणी क्षणभर थांबून मग छायाचित्र घ्यावे. 2022 च्या सुधारित ॲपमध्ये गटाच्या मध्यबिंदूपासूनचे अंतर दाखविण्याची सोय करण्यात आली, ती याच कारणास्तव. उपग्रहांवरून जागा कळण्यास इंटरनेट लागत नाही. माहिती पाठविण्यास मात्र लागते, हा भेद दुर्गम वाड्यांतील शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावा. मुंबईस राहणाऱ्या चाकरमानी खातेदारांची अडचणही येथेच आहे: कथन दुरून करता येईल, पण छायाचित्रासाठी कोणीतरी जमिनीवर उभे राहिलेच पाहिजे.

चौथा प्रकार घटनेच्या सूचनेचा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांतील बागांची मोठी हानी केली. पडलेले झाड तोडून नेल्यावर तेथे काय होते हे सांगण्यास फारसे काही उरत नाही. झाड उभे असतानाची जागेसह नोंद व पडल्यानंतरचे छायाचित्र ही दोन्ही जवळ असल्यास पंचनाम्याचे काम सुकर होते. तथापि आंब्याच्या हवामानावर आधारित विम्यात भरपाई महसूल मंडळाच्या हवामान केंद्रातील आकड्यांवर ठरते. तेथे बागायतदाराची नोंद लागवड सिद्ध करण्यास उपयोगी पडते. बागेतील तापमान सिद्ध करण्यास नव्हे.

याखेरीज सार्वजनिक नकाशांवर वाड्यांची नावे व पायवाटा रहिवासी स्वतः भरतात. आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या गाडीवाल्यास त्यांचा उपयोग होतो. हद्दीच्या वादात मात्र त्यांना मोजणीच्या नकाशाचे मोल नाही.

नोंद पाठविल्यावर ती पुन्हा वाचून पाहावी. 2022 च्या ॲपमध्ये खातेदारास 48 तासांत दुरुस्तीची मुभा देण्यात आली होती व 10 टक्के नोंदींची पडताळणी तलाठ्यांकडे सोपविली होती. चालू हंगामाची मुदत व दुरुस्तीचे नियम तलाठी कार्यालयात विचारून घ्यावेत.