घरच्या बोलींतील निसर्गकविता

तारकर्लीच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या मुलाच्या कानीं तीन भाषा पडतात. घरीं व रापणीवर मालवणी, शाळेंत व पुस्तकांत मराठी, आणि वर्गांतील फळ्यावर व बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडीं इंग्रजी. दक्षिणेस तेरेखोल नदी ओलांडली कीं कोंकणी ऐकूं येते, व आमच्यापैकीं कित्येकांच्या आजोळची ती भाषा आहे. एवढें धन पदरीं असलेल्या मुलास 'पावसावर कविता लिही' म्हणून सांगितलें, तर तें काय लिहितें? बहुधा एक गुलाब फुलवितें, एक झरा झुळझुळ वाहवितें, आणि चार ओळी पुऱ्या करितें. पहिल्या सरीबरोबर नदींतून शेतांत चढणारे चढणीचे मासे, माडांच्या झावळ्यांवरील पावसाचा आवाज, व त्या रात्रीं कुंपणावर लुकलुकणारे काजवे यांचा कवितेंत पत्ता नसतो. हीं सर्व त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलीं असतात, परंतु त्यांचीं नांवें त्यास मालवणींत ठाऊक असतात, आणि मालवणी ही कवितेची भाषा नव्हे असें त्याच्या मनानें घेतलेलें असतें.

हा समज कितपत खरा आहे तें आज पाहूं.

आमच्या भागांतील मुलाची पहिली निसर्गकविता तें कोणत्याहि पुस्तकांत वाचीत नाहीं. दिवेलागणीनंतर आजीच्या तोंडून ऐकतें. तिला आपण हुमाणें म्हणतों. वस्तूचें नांव न घेतां तिचें रूप, तिची चाल व तिची खोड सांगावयाची, आणि ऐकणाऱ्यानें ती ओळखावयाची, एवढाच हुमाण्याचा नियम. पण एवढें साधण्यास वस्तूकडे किती निरखून पाहावें लागतें! उपमा, रूपक व चेतनगुणोक्ति हे अलंकार व्याकरणाच्या तासास शिकण्यापूर्वींच मुलाच्या खिशांत आलेले असतात.

जुनीं हुमाणीं येथें न देतां एक नवें रचून दाखवितों. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर नखाएवढे कुर्ले वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घालतात, ती सर्वांनीं पाहिली असेल. त्यावर हें मालवणी हुमाणें:

रेवेत लाडू वळता,
खावक कोण नाय;
भरती इली काय
घराक दार नाय.

आतां हेंच मराठींत असें होईल:

वाळूंत लाडू वळतो,
खाण्यास कोणी नाहीं;
भरती येतांच पाहा
घराला दारहि नाहीं.

दोन्हींत अर्थ एकच आहे. तरी एक गोष्ट सुटली. मालवणींत 'तो वळता' व 'ती वळता' यांत भेद नाहीं. त्यामुळें लाडू वळणारा पुरुष कीं बाई, कुर्लो कीं मुंगी, हें शेवटपर्यंत गुप्त राहतें. मराठींत मात्र 'वळतो' किंवा 'वळते' यांपैकीं एक निवडावेंच लागतें, आणि तेवढ्यानें अर्धें गुपित फुटतें. म्हणजे ज्या बोलीस आपण अशुद्ध म्हणून मागें ढकलतों, तिचें व्याकरण हुमाण्याच्या कामीं अधिक सोयीचें आहे! उलट मराठीच्या 'येतांच पाहा' या शब्दांत ऐकणाऱ्यास हांक मारण्याची जी लकब आली, ती मूळ मालवणींत नव्हती. भाषांतर करणारास असा कोठें तोटा तर कोठें नफा होतो, व दोन्हींचा हिशेब ठेवणें हाच त्या अभ्यासांतील आनंद आहे.

जातां जातां त्या कुर्ल्याविषयीं दोन शब्द. तो लाडू खाण्याकरितां वळीत नाहीं. वाळूंत मिसळलेले अन्नाचे सूक्ष्म कण तो आधीं खाऊन घेतो, आणि उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी करून टाकून देतो. भरतीच्या वेळीं तो आपलें बीळ वाळूनें बुजवून आंत बसतो. हुमाणें रचणारानें हें प्रथम पाहिलें पाहिजे. शब्द मागाहून येतात.

शब्दांचें म्हणाल, तर एका माडाकडेच पाहा. त्याचा फुलोरा ती पोय, आंतील पाणी गोड व खोबरें कोवळें असतें तो अडसर, नारळावरील केसाळ आवरण तें सोडण, कठीण कवच ती करटी, वाळून गळलेली झावळी तें चुडत, तिचा बुंध्याकडील जाड भाग तो पिडो, पात्याच्या मधली काडी तो हीर, आणि नुकता रुजून वर आलेला माड तो कवाथो. शहरांतील मुलास येथें 'नारळ' व 'झाड' हे दोन शब्द पुरतात. कवितेंत 'झाडाचें पान पडलें' म्हटलें तर कांहींच ऐकूं येत नाहीं. 'चुडत पडलां' म्हटलें कीं रात्रीं अंगणांत झालेला तो धप्प आवाज कानांत उठतो.

मग मुलें हे शब्द लिहिण्यास कां लाजतात? आमच्या मतें याचें एक कारण असें. मालवणीस सर्व महाराष्ट्रांत कीर्ति मिळाली ती रंगभूमीवर, आणि ती हास्याच्या द्वारें. गंगाराम गवाणकर यांचें 'वस्त्रहरण' हें नाटक १९८० सालीं रंगभूमीवर आलें व मच्छिंद्र कांबळी यांनीं त्याचे हजारों प्रयोग केले. त्या नाटकाचे आमच्या भाषेवर मोठे उपकार आहेत. परंतु त्याबरोबर मालवणी म्हणजे हंसविण्याची भाषा, असा एक ग्रहहि लोकांत पसरला. मुलानें वर्गांत 'पाऊस गेलो' म्हटलें कीं बाकीचीं मुलें हंसतात, कारण मराठींत 'गेलो' म्हणजे 'मी गेलो'. त्या हंशापायीं तें मूल पुढें बरोबर लिहूं लागतें खरें, पण पाऊस कसा गेला हें सांगण्याचें सोडून देतें. हें नुकसान गुणपत्रिकेंत दिसत नाहीं, म्हणून पालकांच्याहि लक्षांत येत नाहीं.

आमच्या मातींतून कवि निपजले नाहींत असें नव्हे. विंदा करंदीकर यांचा जन्म १९१८ सालीं देवगड तालुक्यांतील धालवली येथें, व मंगेश पाडगांवकर यांचा १९२९ सालीं वेंगुर्ल्यास झाला. दोघांनींहि मुलांकरितां आवडीनें लिहिलें. विंदांचा 'राणीची बाग' हा बालकवितासंग्रह १९६१ सालचा आहे. दोघांचा मोठेपणा मराठीनें जगापुढें नेला. एकाहून अधिक भाषांत लिहिणारा कवि पाहावयाचा असेल, तर गोव्याचे बा. भ. बोरकर पाहावे. त्यांनीं मराठी व कोंकणी या दोन्हींत कविता केली, आणि 'सासाय' या त्यांच्या कोंकणी संग्रहास १९८१ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका भाषेस जवळ केल्यानें दुसरी रुसत नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं.

त्यांच्याहि पूर्वींचें एक उदाहरण आहे. फादर स्टीफन्स हे इंग्रज मिशनरी १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांनीं रचलेलें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. त्यांत मराठीची थोरवी गातांना त्यांनीं आपल्या देशांतील फुलांची आठवण काढली नाहीं; येथील मोगरी, येथील कस्तुरी, येथील मोर यांच्याच उपमा घेतल्या. कोंकणीचें व्याकरणहि त्यांनींच लिहिलें. समुद्रापलीकडून आलेल्या माणसानें जें केलें, तें येथेंच जन्मलेल्या मुलास अवघड कां असावें?

कुडाळजवळ पिंगुळी येथें ठाकर आदिवासी समाजाचीं घरें आहेत. चित्रकथी व कळसूत्री बाहुल्या या त्यांच्या वंशपरंपरागत कला. एकेक चित्र पुढें धरून गात गात ते कथा सांगतात. चित्र, गाणें व गोष्ट हीं तेथें निराळीं नाहींत. लहान मुलांच्या कवितेसहि हीच रीत मानवते. प्रथम पाहिलेल्या वस्तूचें चित्र काढावें, मग तें पुढें धरून घरच्या बोलींत त्याविषयीं बोलावें, आणि बोलतां बोलतां जें तालावर येईल तेवढेंच लिहावें. त्यानंतर मराठींत उतरावें, व वरच्या वर्गांतील मुलांनीं इंग्रजींत. ज्या शब्दास दुसऱ्या भाषेंत जोड सांपडत नाहीं तो तसाच ठेवावा. खाली टीप दिली कीं झालें.

पालकांस एवढीच विनंती कीं, मुलानें विचारल्यास जुने शब्द सांगण्याचा कंटाळा करूं नये. मालवणचा समुद्र १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून राखला गेला, त्यामुळें तेथील प्रवाळांस व माशांस कायद्याचा आधार आहे. शब्दांस आजीवांचून दुसरा आधार नाहीं. रापण ओढणारे हात कमी होत चालले, तसे त्यांच्या तोंडचे वाऱ्यांचे व माशांचे शब्दहि ओसरूं लागले आहेत.

धाकट्या वर्गांसाठीं आणखी एक हुमाणें देतों. हेंहि आम्हीच रचिलें आहे.

डोंगरात गोडी, देवबागेक खारी;
दिसाक दोनदा मागे फिरता,
तरी थकणा नाय बिचारी.

येथें 'गोडी', 'खारी' व 'बिचारी' या शब्दांनीं ती स्त्रीलिंगी आहे हें आधींच सांगून टाकलें आहे. तें न सांगतां हुमाणें पुन्हां रचतां येईल काय, हें वरच्या वर्गांनीं पाहावें. उत्तर येथें छापीत नाहीं. तें तारकर्लीच्या पूर्वेस, माडांच्या रांगेपलीकडे, चालत जाऊन पाहण्यासारखें आहे.